चौदाचा ठराव झाला, तरी नोटीस वाचता येत नाही

वाचकाचं पत्र

आमची तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी पतसंस्था आहे. सभासदांत साठीपुढचे बरेच. मागच्या वार्षिक सभेत एक ज्येष्ठ सभासद उभे राहून म्हणाले, संस्थेची नोटीस आणि ठेवीची पावती शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, मग ठेवीचा आकडा गल्लीभर होतो. संचालक मंडळाने लगेच ठराव केला: यापुढे सगळं छापील साहित्य १४ पॉइंटमध्ये. तसं केलं, पण तक्रारी थांबल्या नाहीत. त्या सभासदांना अजूनही वाचता येत नाही. दुसऱ्या एक सभासद बाई म्हणतात की अक्षर मोठं केल्यापासून त्यांना उलट जास्त त्रास होतो. आता वेबसाइट आणि मोबाइल ॲपही नव्याने करून घ्यायचंय. कायद्याने ठरवून दिलेला काही आकडा आहे का? नक्की किती पॉइंट ठेवावेत?

व्यवस्थापक, नागरी सहकारी पतसंस्था

उत्तर

नमस्कार.

सभेत उभं राहून ही गोष्ट बोलायला धीर लागतो, आणि मंडळाने ती त्याच सभेत मनावर घेतली, हे फार चांगलं झालं. ठरावात अडचण एकच आहे. ‘१४ पॉइंट’ म्हटल्याने कागदावरचं अक्षर केवढं होईल हे ठरतच नाही.

पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर. पण फॉन्टचा पॉइंट अक्षराची उंची मोजत नाही. अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलेलं असतं त्या चौकटीची उंची मोजतो. त्या चौकटीत अक्षर किती मोठं काढायचं, वेलांटीला आणि उकाराला किती जागा सोडायची, हे प्रत्येक फॉन्ट करणारा आपापल्या पद्धतीने ठरवतो. म्हणून १४ पॉइंटचा मंगल आणि १४ पॉइंटचा कोकिळा शेजारी शेजारी छापून बघा. एकच आकडा, पण कोकिळा कितीतरी बारीक दिसेल. तुमच्या छापखान्यात कोणता फॉन्ट वापरला यावर तुमचा ठराव पाळला गेला की नाही हे अवलंबून आहे.

त्यामुळे मानक मिलिमीटरमध्ये लिहा, आणि ‘म’ हे अक्षर मोजा. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून ‘म’च्या दांड्याच्या तळापर्यंतची उंची. मात्रा, वेलांट्या, उकार धरायचे नाहीत. तीन मिलिमीटरचं अक्षर शाळेच्या पट्टीने नीट मोजता येत नाही, अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. त्यावर साधी युक्ती आहे: जो फॉन्ट वापरणार त्यात ‘म’ १०० पॉइंटवर टाइप करा, छापा, मोजा आणि आलेल्या उंचीला १००ने भागा. उदाहरणार्थ उंची २१ मिलिमीटर आली, तर त्या फॉन्टचा एक पॉइंट ०.२१ मिलिमीटर अक्षर देतो. साडेतीन मिलिमीटरचं अक्षर हवं असेल तर ३.५ भागिले ०.२१, म्हणजे १७ पॉइंट. दुसऱ्या फॉन्टचा ‘म’ १५ मिलिमीटरच भरला, तर त्याच साडेतीन मिलिमीटरसाठी २४ पॉइंट लागतील. छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ची खूण काढून ‘ॲक्च्युअल साइज’ ठेवा. ती खूण राहिली तर कागद थोडा आक्रसून छापला जातो आणि मोजमाप फसतं.

आता साडेतीन मिलिमीटर कुठून आले ते सांगतो, कारण संचालक मंडळ विचारेलच.

कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या परिशिष्टाप्रमाणे, योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८पेक्षा जास्त नसेल आणि ३/६०पर्यंत उतरलेली असेल, किंवा दिसण्याचं क्षेत्र ४० अंशांहून कमी होऊन १० अंशांपर्यंत आलेलं असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/१८ म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर १८ मीटरवरून ओळखतो त्यासाठी या माणसाला सहा मीटरवर यावं लागतं. नेत्रतपासणीच्या तक्त्याचं गणित असं, की ६/६ नजरेच्या माणसाला जेमतेम ओळखू येणारं अक्षर डोळ्याशी पाच कलांचा कोन करतं, एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ६/१८ला त्याच्या तिप्पट कोन लागतो, ६/६०ला दहापट. वाचताना कागद ४० सेंटीमीटरवर धरला, तर ६/१८च्या माणसाला जेमतेम ओळखू येणारं अक्षर सुमारे पावणेदोन मिलिमीटरचं भरतं. ६/२४ला २.३, ६/३६ला ३.५ आणि ६/६०ला जवळजवळ ५.८ मिलिमीटर.

इथला कळीचा शब्द ‘जेमतेम’. जेमतेम दिसणारं अक्षर ओळखता येतं, सलग वाचता येत नाही. माणूस एकेक अक्षर लावत बसतो आणि चौथ्या ओळीला थकतो. सलग वाचनाला त्याच्या किमान दुप्पट आकार हवा, काहींना तिप्पट. म्हणून ६/१८साठी साडेतीन मिलिमीटर, ६/२४साठी पावणेपाच. इथपर्यंत कागदावर जमतं. ६/६०च्या माणसाला मात्र चाळीस सेंटीमीटरवर साडेअकरा मिलिमीटरचं अक्षर लागेल, आणि त्या आकारात वार्षिक अहवाल छापला तर तो उचलायला दुसरा माणूस लागेल. त्यांच्यासाठी वाट वेगळी: कागद जवळ आणणं, भिंग, किंवा फोन. अंतर निम्मं केलं की अक्षर डोळ्याला दुप्पट मोठं होतं. पण साठीपुढच्या डोळ्याला २० सेंटीमीटरवर स्पष्ट दिसायला साधारण अधिक पाच नंबरची भर असलेला वाचनाचा चष्मा लागतो. दुकानातला तयार अधिक अडीचचा चष्मा ४० सेंटीमीटरसाठी असतो. तो लावून कागद नाकाजवळ आणला तर सगळं धूसर होतं, आणि ‘जवळ आणूनही दिसत नाही’ असा समज होऊन बसतो.

तुमच्या ज्येष्ठ सभासदांचं बहुधा यातलंच काहीतरी आहे. त्यांना अल्पदृष्टी तपासणी होते अशा नेत्र रुग्णालयात जायला जरूर सुचवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं म्हणजे नजरेचं सगळं झालं असं अनेक जण धरून चालतात.

आता त्या बाईंबद्दल. त्यांचं म्हणणं अगदी खरं असू शकतं. काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये मधली नजर बरी राहते आणि कडेचं दिसणं जातं. जणू नळीतून बघावं तसं. अशा डोळ्याला एका नजरेत सात-आठ अक्षरं दिसत असतील, तर अक्षर दुप्पट केल्यावर चारच दिसतात. ‘सर्वसाधारण’ हा शब्दच दोन तुकड्यांत वाचावा लागतो, आणि ओळीच्या शेवटून पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना वाट चुकते. त्यांना मध्यम आकार, ठळक काळं अक्षर, आखूड ओळ आणि भरपूर उजेड हवा. सगळ्यांवर एकच मोठा आकार लादला की त्यांच्यासारख्यांचं नुकसान होतं. म्हणून आमचा आग्रह एका आकड्याचा नाही, तीन पायऱ्यांचा आहे: सर्वांसाठी ‘म’ साडेतीन मिलिमीटर, मागणाऱ्यांसाठी पाच मिलिमीटरची मोठी प्रत, आणि त्याने भागत नाही त्यांच्यासाठी ज्याच्या त्याच्या मापाने. पाच मिलिमीटरच्या प्रतीवर ६/२४ची नजर आरामात वाचते. ६/३६चा माणूस ती २८ सेंटीमीटरवर धरून वाचू शकतो, अर्थात त्या अंतराचा चष्मा असेल तर.

तुम्ही सरकारी आकडा विचारलात. असा एकच आकडा नाही. वेबसाइटसाठी जगभर वापरली जाणारी नियमावली म्हणजे डब्ल्यूसीएजी. तिची २.० आवृत्ती २००८ची, २.१ ही २०१८ची आणि २.२ ही २०२३ची. त्यात कमीत कमी फॉन्टचा आकडाच दिलेला नाही. मजकूर दुप्पट करता आला पाहिजे आणि तसं करताना काही हरवता कामा नये, एवढीच अट आहे. १८ पॉइंट हा आकडा तिथे दिसतो, पण तो रंगभेदाच्या, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाच्या, नियमात. तेवढ्या मोठ्या किंवा १४ पॉइंट ठळक अक्षराला थोडा कमी रंगभेद चालतो इतकाच त्याचा अर्थ. छापील मजकुरासाठी अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड ही संस्था १८ पॉइंट आणि त्यापुढे ‘मोठा छाप’ मानते, पण तो हिशोब रोमन लिपीचा. आपल्याकडे वेबसाइट, ॲपसारख्या सेवा दिव्यांगांनाही वापरता याव्यात यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे, आणि सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शिका. २०१६च्या कायद्यातल्या ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत सहकारी संस्थाही धरलेली आहे, हे मंडळाच्या नजरेस आणून द्या. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४च्या राजीव रतुरी निकालात सांगितलंय की सुगम्यतेचे किमान नियम नुसते शिफारशीचे नकोत, बंधनकारक हवेत.

देवनागरीत काय बिघडतं

रोमन लिपीचे आकडे आपल्याला जसेच्या तसे चालत नाहीत, कारण आपल्या अक्षरांतला फरक फार बारीक जागी असतो. ‘घ’ आणि ‘ध’ बघा. सगळा फरक डोक्यावरच्या फटीत. ‘म’ आणि ‘भ’चं तेच. ‘व’च्या पोटात तिरकी रेघ आली की ‘ब’, ‘प’च्या पोटात आली की ‘ष’. ठळक अक्षर लहान आकारात छापलं की ही फट बुजते आणि ती रेघ शाईत मिसळून जाते. बारीक, नाजूक फॉन्टमध्ये उलटं होतं, तिरकी रेघच अंधूक होऊन गायब होते. म्हणून मजकूर मध्यम जाडीचा ठेवा, ठळक फक्त शीर्षकाला. ‘ख’ असा निवडा की त्याचा ‘र’ आणि ‘व’ खाली जुळलेले दिसतील, नाहीतर ‘खाते’चं ‘रवाते’ वाचलं जातं. अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला चिकटलेला नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट फुकट मिळतात, युनिकोडमध्ये आहेत आणि त्यांत वेगवेगळ्या जाडी आहेत. सुरुवात यांच्यापासून करा.

पतसंस्थेच्या कागदात अक्षरांहून आकडे जास्त महत्त्वाचे. ‘१’ आणि ‘९’, ‘४’ आणि ‘५’ एकमेकांत जातात, इंग्रजी आकड्यांत ३, ६ आणि ८. ठेवीची रक्कम, मुदत संपण्याची तारीख आणि खाते क्रमांक आजूबाजूच्या मजकुराहून एक पायरी मोठे छापा. रक्कम अक्षरीही द्या, तीही त्याच आकारात. अक्षरी रक्कम बारीक तिरप्या अक्षरात कोपऱ्यात टाकायची जुनी सवय असते, ती मोडा. खाते क्रमांक सलग न छापता तीन-चार आकड्यांचे गट पाडून छापा.

ओळींमधली जागा फॉन्टच्या दीडपट ठेवा: १८ पॉइंटला २७. इथे वर्डमध्ये दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली म्हणजे ‘मल्टिपल १.५’ निवडलं की वर्ड फॉन्टच्या स्वतःच्या ओळउंचीची दीडपट करतो. मंगलसारख्या फॉन्टची ती मुळातच मोठी, त्यामुळे पानावर निम्म्याच ओळी मावतात. ‘एक्झॅक्टली’ निवडून २७ पॉइंट द्या. पण उद्या फॉन्ट वाढवून २४ केलात आणि हा आकडा २७च राहिला, तर वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातील. तो ३६ करायला विसरू नका. दुसरी गडबड जास्त फसवी. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ धरतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा साठवतो. तुम्ही स्टाइलमध्ये वरच्या चौकटीत १८ लिहिता, इंग्रजी मजकूर १८ होतो आणि मराठी आपला ११वरच राहतो. फॉन्टची पूर्ण खिडकी उघडून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या भागातला आकारही बदला.

परिच्छेद डावीकडे जुळवा, दोन्ही कडा सरळ करू नका. आपले शब्द लांब. ‘संचालकमंडळाच्या’ एका ओळीत मावला नाही की मागच्या ओळीतले शब्द ताणले जातात आणि मधे खड्डे पडतात. नळीतून बघणाऱ्या डोळ्याला तो खड्डा ओळीचा शेवट वाटतो. शीर्षक उठून दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

कागद ८० जीएसएमचा, दोन्ही बाजूंना छापणार असाल तर १००चा, आणि चकचकीत नको. लॅमिनेशन करायचं झालं तर मॅट. चकचकीत नोटिशीवर ट्यूबलाइटचा पट्टा उमटतो आणि त्याखालची ओळ नाहीशी होते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला तर सगळा कागदच पांढरा दिसतो. ‘महत्त्वाची सूचना’ लाल रंगात छापायची पद्धत सोडा. पांढऱ्यावर शुद्ध लालचा रंगभेद चारास एकच भरतो आणि साध्या मजकुराला किमान साडेचारास एक लागतो. काळ्याचा २१ला एक आहे. महत्त्वाचं ते काळ्यात, मोठ्या अक्षरात, चौकटीत.

आकार वाढवल्यावर पानं वाढणारच. म्हणून आधी मजकूर कापा. वार्षिक सभेच्या नोटिशीत तारीख, वेळ, ठिकाण पहिल्या चार ओळींत आणा, मग विषय, आणि बाकी नियम मागच्या पानावर. मोठी प्रत ए-फोरवरच काढा. ए-फोरचा झेरॉक्स ए-थ्रीवर १४१ टक्के होतो, म्हणजे १२ पॉइंट १७ होतात. सभासद समोर उभा आहे आणि आत्ता हवंय, तेव्हा हे ठीक. पण एवढा कागद हातात धरून भिंग फिरवणं अवघड जातं, आणि मूळ छपाई फिकट असेल तर फिकटपणाही मोठा होतो.

पासबुक, स्लिप, दरफलक

पासबुक ही तुमची सर्वांत दुबळी जागा असणार. सॉफ्टवेअर सगळे रकाने एका ओळीत बसवायला ‘कंडेन्स्ड’ मध्ये छापतं, इंचात १७ अक्षरं. म्हणजे एका आकड्याला जेमतेम दीड मिलिमीटर रुंदी. त्यावर झिजलेली रिबन. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला सांगा की छपाई इंचात १० अक्षरांवर आणा. तिथे रुंदी अडीच मिलिमीटर मिळते. जागा काढायला तपशिलाचा रकाना आखूड करा, शाखेचा कोड दर ओळीला छापू नका. रिबन बदलायची वेळ कॅशियरच्या डोळ्यांवर सोडू नका, ठरावीक दिवसांनी बदलायची नोंद ठेवा. एवढं करूनही पासबुकात पाच मिलिमीटरचं अक्षर येणार नाही. म्हणून मागेल त्याला ए-फोरवर मोठ्या अक्षरातला खातेउतारा, विनाशुल्क, लिफाफ्यात घालून.

भरणा स्लिपमध्ये सगळे छापील अक्षर मोठं करतात आणि लिहायची रेघ होती तेवढीच ठेवतात. ज्याला मोठं अक्षर लागतं तो लिहितोही मोठं. दोन रेघांत १२ मिलिमीटर अंतर ठेवा, आकड्यांच्या चौकोनांची कड गडद ठेवा. काउंटरवर काळं जाड स्केचपेन आणि सहीची पट्टी ठेवा: काळा पुठ्ठा, त्यात आठ सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटर उंच खिडकी कापलेली. कागदावर सहीच्या जागी ठेवली की सभासद स्वतःच्या हाताने जागच्या जागी सही करतो. सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेल्या स्लिपा यानेच कमी होतील.

दरफलकाचा हिशोब अंतरावरून करा. ६/६० नजर आणि दुप्पट आकार धरला तर दर मीटर अंतराला ‘म’ तीन सेंटीमीटर उंच लागतो. ६/१८ला सुमारे नऊ मिलिमीटर. रांग दोन मीटरवर उभी असेल तर सहा सेंटीमीटरची अक्षरं, म्हणजे फलकावर जेमतेम चार-पाच दर मावतील. खरा इलाज आकारात नाही, जागेत आहे. फलक कॅशियरच्या डोक्यावरून काढा आणि मोकळ्या भिंतीवर, मध्य साधारण दीड मीटर उंचीवर येईल असा लावा, समोर बाकडं किंवा कुंडी नको. माणसाला नाक लावून वाचता आलं पाहिजे. काचेमागे लावू नका.

वेबसाइट आणि ॲप

इथे आकार ठरवण्यापेक्षा सभासदाने ठरवलेला आकार मोडू नये हे महत्त्वाचं. ज्यांची नजर कमी आहे त्यांनी फोनवर अक्षर आधीच मोठं करून घेतलेलं असतं. तुमच्या ॲपने ते ऐकलं पाहिजे. अँड्रॉइडवर अक्षरांचं माप ‘एसपी’त द्यायला सांगा, ‘डीपी’त नको. वेबसाइटवर ‘पिक्सेल’ऐवजी ‘रेम’. एसपी आणि रेम ही एककं वापरणाऱ्याने ठेवलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलतात. पानाच्या व्ह्यूपोर्ट ओळीत ‘युजर-स्केलेबल’ला ‘नो’ दिलेलं असेल तर ते काढायला लावा; त्याने दोन बोटांनी मोठं करणंच बंद होऊ शकतं. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यामुळेच येतात, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मराठी उच्चार निवडतं.

काम ताब्यात घेण्याआधी कार्यालयातच चाचणी करा. संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल धरून अधिकचं बटण पाच वेळा दाबा, पान २०० टक्के होईल. आणखी तीनदा दाबलं की ४००. १२८० पिक्सेल रुंद खिडकीत ४०० टक्क्यांवर पान ३२० पिक्सेलइतकं अरुंद होतं आणि तेव्हा ओळी आपोआप दुमडल्या पाहिजेत. प्रत्येक ओळ वाचायला डावी-उजवीकडे सरकवावं लागलं तर काम परत करा. मग फोन घ्या. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, डिस्प्ले, फॉन्ट साइज शेवटच्या टोकाला न्या. अँड्रॉइड १४पासून हे २०० टक्क्यांपर्यंत जातं. आयफोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, लार्जर टेक्स्ट. आता ॲपमध्ये शिल्लक बघा. जागा कमी पडली की बरीच ॲप्स मजकुराचा शेवट कापून तीन टिंबं टाकतात. नावाचं ‘दत्तात्र…’ झालं तर समजून घेता येतं. पण ‘₹ १,२५,…’ म्हणजे सव्वा लाख की सव्वा कोटी? रक्कम कधीही कापली जाणार नाही, दुसऱ्या ओळीवर जाईल, ही अट करारात वेगळी लिहा. पैसे पाठवण्याच्या पानावर ‘रद्द करा’ आणि ‘पुढे’ ही दोन्ही बटणं सर्वांत मोठ्या अक्षरातही दिसतात का, आणि ओटीपीची मुदत भिंग फिरवत वाचायला पुरते का, तेही बघा.

व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो पाठवता ना? फोटोतलं अक्षर फोनच्या सेटिंगने मोठं होत नाही, आणि ताणून बघितलं तर फुटतं. फोटोबरोबर तोच मजकूर टाइप करूनही पाठवा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर तिकडे निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदला.

आधी पाच माणसांना वाचायला द्या

ठराव बदलण्यापूर्वी एक चाचणीपत्रक छापा: एकाच फॉन्टमध्ये १४, १७, २०, २४, २८ आणि ३२ पॉइंटची प्रत्येकी दोन वाक्यं, प्रत्येक आकाराला वेगळी, आणि प्रत्येकात एक रक्कम व एक तारीख. चार-पाच सभासदांना बोलवा, ते ज्येष्ठ सभासद आणि त्या बाई त्यांत असाव्यात. स्वतःचा चष्मा, स्वतःचं भिंग आणायला सांगा. ‘दिसतंय का?’ असं विचारू नका, भिडेखातर हो म्हणतात. मोठ्याने वाचायला सांगा. कागद किती अंतरावर धरला, कुठे अडखळले, कोणता आकडा चुकला हे लिहून घ्या. न अडखळता वाचलेला सर्वांत लहान आकार हे त्या माणसाचं माप. दूरची नजर सारखी असलेल्या दोघांचं माप वेगळं आलं तर गोंधळू नका. नेत्रपटलाच्या मध्यावर डाग असेल तर तक्त्यावरच्या आकड्यावरून वाचनाचा अंदाज बांधता येत नाही. एकदा बाजूने टेबललॅम्प लावूनही वाचून घ्या. काहींचं माप नुसत्या उजेडाने एक-दोन पायऱ्यांनी खाली येतं, मग संस्थेला छपाईपेक्षा दिवा स्वस्त पडतो.

मग ठराव साधारण असा लिहा:

‘संस्थेच्या सर्व छापील मजकुरात “म” या अक्षराची मात्रांशिवाय उंची किमान साडेतीन मिलिमीटर राहील. मागणी केल्यास पाच मिलिमीटरची प्रत विनाशुल्क, मूळ प्रतीबरोबर एकाच दिवशी दिली जाईल. याहून वेगळ्या मापाची गरज नोंदवलेल्या सभासदास त्या मापात अथवा फोनवर वाचता येईल अशा युनिकोड मजकुरात प्रत दिली जाईल. वेबसाइट व ॲप २०० टक्के मोठ्या मजकुरावर कोणतीही माहिती अथवा बटण न गमावता चालतील आणि कोणतीही रक्कम अर्धवट दिसणार नाही. प्रत्येक नव्या नमुन्याची छपाईपूर्वी मोजणी व्यवस्थापक करतील.’

‘एकाच दिवशी’ हे शब्द गाळू देऊ नका. मोठी प्रत सभेनंतर आठवड्याने हातात पडली तर तिचा काही उपयोग नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा या वेळच्या नोटिशीपासूनच सुरुवात करता येईल.

शेवटी सभासद नोंदवहीत, किंवा सॉफ्टवेअरमध्ये, ‘वाचनाचं माप’ असा एक रकाना वाढवा: साधं, मोठं, स्वतःचं माप, फोनवर. केवायसी नूतनीकरणाला सभासद येतो तेव्हाच विचारून भरा. आजाराचं नाव त्यात लिहू नका, त्याची गरज नाही. त्या बाईंच्या नावापुढे ‘साधं, ठळक, आखूड ओळ’ एवढंच पुरे. ज्येष्ठ सभासदांचं माप चाचणीत जे निघेल ते लिहा, आणि त्यांची पुढची ठेवपावती त्याच मापात छापून, बंद लिफाफ्यात, त्यांच्याच हातात द्या.